लेबल सुटलेली बाटली



"मी उद्या अकोल्याला जाणार आहे," असे कुणी म्हणाले तर तो नेमका कुठे निघाला आहे, हे तुम्हाला सांगता येईल काय? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी अकोले आहे आणि विदर्भात मोर्णा नदीच्या काठी अकोला आहे. प्रत्यय लागला की दोन्ही गावे 'अकोल्याला' होतात. मग आपण विचारतो, "जिल्हा कोणता? नदी कोणती?" नुसत्या नावावरून गाव ओळखता आले नाही, तर आणखी खुणा लागतात. औषधांचेही असेच आहे. तेथे मात्र चुकीच्या गावी पोहोचण्याइतकी साधी चूक होत नाही. माणूस प्राणास मुकू शकतो.

आपण प्रवरेकाठच्या अकोल्यालाच जाऊ. तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. हवा इतकी दमट होते, की वह्यांची पाने मऊ पडतात आणि डिंकाने चिकटवलेले कागद सुटून येतात. समजा, अशा भागातील एखाद्या रुग्णालयाच्या औषधांच्या खोलीत कपाटामागे एक बाटली सापडली. बाटलीत पांढरी भुकटी आहे. लेबल गळून गेलेले आहे. हे काय असेल?

पांढऱ्या भुकट्या शेकडो आहेत. मीठ पांढरे, खाण्याचा सोडा पांढरा, पॅरासिटामॉलही पांढरे आणि काही भयंकर विषेसुद्धा पांढरीच. रंगावरून ओळख पटत नाही. वासावरून बहुधा पटत नाही. चव घेऊन पाहण्याचा विचार तर कोणीही, कधीही मनात आणू नये.

एक उदाहरण घेऊ. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सलाइनच्या बाटलीत तेच असते. त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा पदार्थ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. तोही पांढरा, खारट, पाण्यात सहज विरघळणारा. त्याचे कणही मिठासारखेच घनाकृती. शरीरातील पोटॅशियम कमी झाले तर डॉक्टर तो मोजून मापून देतात. परंतु त्याचे तीव्र द्रावण शिरेतून झपाट्याने गेले तर हृदय बंद पडते. डोळ्यांना न दिसणारा या दोन भावांमधला फरक ओळखायचा कसा?

छत्रीच्या कापडातून दिवा

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक प्रयोग करा. रात्री अंधारात उभे राहून दूरवरच्या एका लहान, प्रखर दिव्याकडे छत्रीच्या ताणलेल्या काळ्या कापडातून पाहा. छत्री नसेल तर बारीक विणीचा पातळ हातरुमाल डोळ्यांपुढे धरा. तुम्हाला एकच दिवा दिसणार नाही. मधल्या ठिपक्याभोवती ओळीने मांडलेले आणखी ठिपके दिसतील, आणि ते कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशांनी मांडलेले असतील. कापड फिरवा, ठिपकेही फिरतील. आता अधिक दाट विणीचे कापड घ्या. ठिपके एकमेकांपासून अधिक दूर गेलेले दिसतील.

प्रकाश हा लाटांचा बनलेला आहे. धाग्यांमधील असंख्य फटींतून बाहेर पडलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही दिशांना एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो आणि तेथे प्रकाश वाढतो. इतर दिशांना उंचवटा खळग्यावर येतो आणि प्रकाश नाहीसा होतो. याला विवर्तन म्हणतात. महत्त्वाची गोष्ट ही, की ठिपक्यांमधील अंतर मोजून कापडाला हातही न लावता धाग्यांमधील अंतर काढता येते.

स्फटिक म्हणजे अणूंनी विणलेले असेच एक कापड होय. फक्त ते सपाट नसून लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही दिशांना विणलेले असते. मिठाच्या कणात सोडियम व क्लोरीन यांचे आयन शाळेच्या कवायतीतल्या मुलांसारखे ओळीने, थरावर थर असे मांडलेले असतात. दोन थरांमधील अंतर इतके लहान, की ते अँगस्ट्रॉममध्ये मोजावे लागते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. साध्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे पाच हजार अँगस्ट्रॉम. एवढ्या जाडजूड लाटेला इतकी बारीक वीण जाणवत नाही. त्यासाठी सुमारे एक अँगस्ट्रॉम तरंगलांबीची लाट हवी. ती म्हणजेच क्ष-किरण.

मोरचुदापासून सुरुवात

रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. ते लाटांचे बनलेले आहेत की कणांचे, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालू होता. १९१२ साली म्यूनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग या दोघांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागे छायाचित्राची काच ठेवली. काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली! तो स्फटिक कशाचा होता ठाऊक आहे? मोरचुदाचा. द्राक्षांच्या बागेत फवारणीसाठी चुन्यात मिसळतात तोच हा निळा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. क्ष-किरण लाटा आहेत आणि स्फटिक अणूंचे थर आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात सिद्ध झाल्या.

या नक्षीचा साधा हिशेब इंग्लंडमधील ब्रॅग पितापुत्रांनी मांडला. त्यांना १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मुलगा लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता. त्यांचा नियम असा:

तरंगलांबी = २ × थरांमधील अंतर × साइन (कोन)

क्ष-किरण थरावर तिरपा पडतो. काही भाग वरच्या थरावरून परततो, काही खालच्या थरापर्यंत जाऊन परततो. खाली जाणाऱ्याला थोडी जादा वाट चालावी लागते. ही जादा वाट बरोबर एका तरंगलांबीएवढी (किंवा दोन, तीन अशा पूर्ण पटीत) झाली, की दोन्ही लाटा पावलाला पाऊल जुळवून बाहेर पडतात आणि किरण ठळक दिसतो. नियमातील कोन हा किरण आणि थर यांमधला आहे.

आता वही काढा. तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते. मिठातील ज्या थरांवरून सर्वांत ठळक किरण परततो, त्यांच्यामधील अंतर २.८२ अँगस्ट्रॉम आहे. म्हणून कोनाचा साइन १.५४ भागिले ५.६४, म्हणजे ०.२७३, आणि कोन सुमारे १५.९ अंश येतो. पोटॅशियम क्लोराइडमध्ये हेच अंतर ३.१५ अँगस्ट्रॉम आहे, कारण पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा असतो. तेथे कोन सुमारे १४.२ अंश येतो. दोघांच्या कोनांत पावणेदोन अंशांचा फरक पडला. यंत्राला तो अगदी सहज दिसतो. जिभेला आणि डोळ्यांना फसवणारे दोन भाऊ क्ष-किरणांपुढे वेगळे पडले.

भुकटीच का?

एकच स्फटिक घेतला तर तो योग्य कोनात बसेपर्यंत फिरवत राहावे लागते. औषध तर आपल्याला भुकटीच्या रूपात मिळते. ही अडचण नसून सोयच आहे. अंगणात आरसा फुटला आणि त्याचे शेकडो तुकडे वेडेवाकडे पसरले, तर तुम्ही कुठेही उभे राहा, कोणता ना कोणता तुकडा सूर्याची तिरीप तुमच्या डोळ्यांत टाकतोच. भुकटीतील लाखो कण असेच सर्व दिशांना तोंड करून पडलेले असतात. त्यामुळे प्रत्येक थराला योग्य कोनात बसलेले काही कण मिळतातच. ही चूर्ण-पद्धत डेबाय व शेरर यांनी १९१६ साली युरोपात आणि हल यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे अमेरिकेत शोधली.

१९१९ साली हल यांनी तिचा खरा उपयोग दाखवून दिला. प्रत्येक स्फटिकी पदार्थाची रेषांची नक्षी ठरलेली असते. तोच पदार्थ कुठूनही आणला तरी नक्षी तीच येते. आणि दोन पदार्थ मिसळले तरी प्रत्येकजण आपापली नक्षी वेगळी उमटवतो. थोडक्यात, हा पदार्थांच्या बोटांचा ठसाच म्हणायचा.

परंतु ठसा घेऊन काय उपयोग, जोवर तो कोणाशी ताडून पाहायचा याची नोंद नाही? ही उणीव डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीतील हॅनवॉल्ट, रिन व फ्रेव्हेल यांनी भरून काढली. १९३८ साली त्यांनी एक हजार पदार्थांच्या नक्षींची यादी प्रसिद्ध केली. त्यांची युक्ती फार सोपी होती. सगळ्या रेषा पाहत बसू नका. सर्वांत ठळक तीन रेषा घ्या, त्यांच्यावरून थरांची तीन अंतरे काढा आणि ती यादीत शोधा. मिठाची तीन अंतरे २.८२, १.९९ व १.६३; पोटॅशियम क्लोराइडची ३.१५, २.२२ व १.८२. हे तीन आकडे म्हणजे गाव, तालुका आणि जिल्हा! तिन्ही जुळले की पत्ता बहुधा बरोबर असतो; मग उरलेल्या रेषा ताडून खात्री करायची. पुढे या नोंदींची कार्डे झाली आणि आज संगणकात अशा लाखो नोंदी आहेत.

जाता जाता एक गंमत पाहा. मिठाचा पहिला आकडा दुसऱ्याने भागा. पोटॅशियम क्लोराइडचेही तसेच करा. दोन्ही वेळा उत्तर सुमारे १.४१, म्हणजे दोनचे वर्गमूळ येते. असे का व्हावे? घनाच्या एका पृष्ठाचा कर्ण काढून पाहा आणि शिक्षकांशी चर्चा करा.

बेरियमची दोन रूपे

पोटाचा क्ष-किरण फोटो काढण्यापूर्वी रुग्णाला खडूच्या पाण्यासारखे पांढरे पेय देतात, हे तुम्ही ऐकले असेल. ते बेरियम सल्फेट असते. बेरियम खरे म्हणजे विषारी. पण हे सल्फेट पाण्यात किंवा जठरातील आम्लात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून जसे पोटात जाते तसेच बाहेर पडते. बेरियम कार्बोनेटही असेच पांढरे आणि पाण्यात न विरघळणारे. परंतु ते जठरात गेले की तेथील हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याची क्रिया होते, विरघळणारे बेरियम क्लोराइड तयार होते आणि विष रक्तात भिनते. उंदीर मारण्यासाठी हे कार्बोनेट वापरले जात असे.

२००३ साली ब्राझीलमध्ये अशाच तपासणीसाठी दिलेल्या औषधात कार्बोनेट मिसळलेले निघाले आणि अनेक रुग्ण दगावले. क्ष-किरणांच्या नक्षीत सल्फेटचे सर्वांत ठळक अंतर ३.४४ अँगस्ट्रॉमवर येते, कार्बोनेटचे ३.७२ वर. ज्या किरणांनी फोटो काढायचा, त्याच किरणांनी आधी पेयाची भुकटी तपासली असती, तर हे कार्बोनेट ओळखता आले असते.

मूलद्रव्यांची हजेरी

क्ष-किरणांनी तपासण्याची दुसरीही एक रीत आहे. क्ष-किरण एखाद्या अणूवर आदळला की त्याच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडून जातो. ती रिकामी जागा भरायला बाहेरचा इलेक्ट्रॉन आत उतरतो आणि उरलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. लोखंडाची ६.४, जस्ताची ८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हा नियम १९१३ साली हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने मांडला. दोनच वर्षांनी पहिल्या महायुद्धात तो मारला गेला, तेव्हा त्याचे वय २७ होते. या रीतीला क्ष-किरण प्रतिदीप्ती म्हणतात. आता तर तिची यंत्रे हातात धरता येतील इतकी लहान झाली आहेत.

औषधांशी याचा संबंध काय? अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. दक्षिणेत, तामिळनाडूत, याच अगस्तींना सिद्धवैद्यकाचे आद्य आचार्य मानतात. त्या परंपरेत आणि आयुर्वेदाच्या रसशास्त्रात धातू व खनिजे यांपासून औषधे करतात. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी बोस्टनच्या आसपासच्या दुकानांत विकली जाणारी दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे या रीतीने तपासली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. तपासणाऱ्याला येथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण आर्सेनिकची मुख्य रेषा आणि शिशाची एक ठळक रेषा, दोन्ही जवळजवळ एकाच जागी, १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येतात! पुन्हा अकोले आणि अकोला! म्हणून दोघांच्या दुसऱ्या रेषाही पाहाव्या लागतात.

पण 'पारा आहे' एवढे कळून भागते काय? कज्जली काळी असते आणि रससिंदूर लाल. दोन्ही पारा व गंधक यांपासूनच बनतात. प्रतिदीप्तीचे यंत्र दोहोंतही तीच दोन मूलद्रव्ये दाखवील. विवर्तनाची नक्षी मात्र वेगळी येते, कारण पारा व गंधक यांचे अणू दोहोंत वेगवेगळ्या रीतीने रचलेले असतात. मर्क्युरिक क्लोराइडमध्येही पाराच असतो. पण ते पाण्यात विरघळते आणि जहाल विष आहे. मर्क्युरिक सल्फाइड फारसे विरघळत नाही. म्हणून ते निर्धोक ठरते असे मुळीच नव्हे. पण मूलद्रव्य कोणते आणि ते कोणत्या रूपात आहे, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात, एवढे यावरून कळते. मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी जसद भस्माचा असाच कसून अभ्यास केला आणि त्यात झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असल्याचे २००९ साली दाखवले.

जेथे क्ष-किरण मुके होतात

आता या रीतींच्या मर्यादाही पाहू. नाहीतर क्ष-किरणांपुढे काहीच लपत नाही, असा तुमचा समज व्हायचा.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा मृत्यू झाला. मेंदूवरील किंवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल देतात, तसे ते त्यांना दिले होते. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. पण दुसरे मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि औषधांची खरेदी, तपासणी व देखरेख यांतील गंभीर दोष उघड केले.

क्ष-किरणांनी हे विष पकडता आले असते काय? नाही. द्रवात अणूंची ओळीने मांडणी नसते. तेथे कवायत नसून जत्रेची गर्दी असते. म्हणून ठळक रेषा उमटत नाहीत, नुसता एक पसरट उंचवटा दिसतो. प्रतिदीप्तीचाही उपयोग नाही, कारण दोन्ही द्रव कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन या हलक्या मूलद्रव्यांचेच आहेत आणि ती या यंत्रांना नीट दिसत नाहीत. येथे वायू-वर्णलेखनासारखी, म्हणजे द्रवाची वाफ करून तिच्यातील घटक वेगळे करण्याची पद्धत वापरावी लागते. ती पद्धत १९८६ साली उपलब्ध होती. उणीव यंत्राची नव्हती; रुग्णाला देण्यापूर्वी तपासून पाहण्याची होती.

याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे मेली होती. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० बालके दगावली. तेथे दिलेल्या खोकल्याच्या औषधांत हेच विष आढळले होते. २०२५ साली आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून हेच घडले आणि वीसहून अधिक मुले गेली. एकदा शिकलेला धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो, तो असा.

आणखी एक मर्यादा आहे. मिश्रणात एखादा पदार्थ शेकडा एक-दोन भागांहून कमी असेल, तर नेहमीच्या विवर्तनाच्या तपासणीत त्याच्या रेषा इतरांच्या गर्दीत बुडून जाऊ शकतात. गोळीत तर औषधाबरोबर दुग्धशर्करा, पिष्ट, शंखजिरे असे भरीचे पदार्थही असतात आणि त्यांपैकी स्फटिकी पदार्थ आपापल्या रेषा उमटवतात. म्हणून शहाणा तपासनीस एकाच साक्षीदारावर विसंबत नाही. विवर्तन, प्रतिदीप्ती, वर्णलेखन अशा तिघांची साक्ष जुळली, तरच तो नाव उच्चारतो.

पुन्हा त्या बाटलीकडे

तर कपाटामागे सापडलेल्या त्या बाटलीचे काय करायचे? मित्रहो, उत्तर ऐकून तुमची थोडी निराशा होईल. औषधनिर्माण अधिकारी, ज्यांना आपण सवयीने अजून कंपाउंडर म्हणतो, ती बाटली तपासायला पाठवून औषध पुन्हा वापरात आणत नाहीत. ते ती बाजूला काढतात आणि नियमाप्रमाणे नष्ट करण्यासाठी देतात. कारण क्ष-किरण फार तर बाटलीत काय आहे हे सांगतील. ते औषध कधी बनले, त्याची मुदत केव्हा संपली, कोणत्या हातांनी बाटली उघडली, हे त्यांना सांगता येणार नाही. ते लेबलच सांगते.

मग ही सारी खटपट कशासाठी? एखाद्या बालकाने अनोळखी भुकटी खाल्ली आणि डॉक्टरांना उतारा द्यायचा आहे तेव्हासाठी. एखाद्या औषधाने रुग्ण बरे होण्याऐवजी खालावू लागले तेव्हासाठी. बाजारात बनावट गोळ्या पकडल्या गेल्या तेव्हासाठी. अशा वेळी पांढऱ्या भुकटीचे खरे नाव कळण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. औषधांचा डबा वडीलधाऱ्यांसमोर उघडा. लेबल नसलेल्या बाटल्या, पाकिटातून सुट्या काढून पुडीत बांधलेल्या गोळ्या, मुदत संपलेली औषधे वेगळी काढा आणि त्यांचे काय करावे हे जवळच्या औषधविक्रेत्याला विचारा. उरलेल्या पाकिटांतून गोळी काढताना नाव व मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राहील, अशा बाजूने सुरुवात करा. यासाठी यंत्र लागत नाही. थोडी शिस्त पुरते.

आणि पुढच्या वेळी जेवताना पानात मीठ वाढले, की क्षणभर त्या पांढऱ्या कणाकडे पाहा. त्याचा पत्ता आता तुम्हाला पाठ आहे: २.८२, १.९९, १.६३.